शिफ्ट दाबून धर

नवीन कॉम्प्युटर आला तेव्हा बाबूलालभाऊंनी त्याला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि सगळ्यांना पेढे वाटले. मानोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात इतकी नवी वस्तू बऱ्याच वर्षांत आली नव्हती. बाबूलालभाऊ संस्थेचे सचिव. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांतल्या पोरांसाठी ही संस्था हंगामी वसतिगृह चालवायची, आणि ऑफिसचा सगळा कारभार रीता राठोड एकटी ओढायची. हाराची फुलं सुकायच्या आतच त्या कॉम्प्युटरने तिला रडकुंडीला आणलं.

दिवस अडचणीचे होते. जी पोरं वसतिगृहात न राहता आईबापाबरोबर ऊसपट्ट्यात जात, ती तिथल्या शाळेत बसत. चैत्रात तांडे परतले की तिकडच्या मुख्याध्यापकांकडून पोरांची हजेरी आणि गुण मागवावे लागत. नाही आले तर इकडे परीक्षेला बसू देताना खळखळ होई, आणि एखाद्या पोराचं वर्षच जाई. एवढ्या शाळांना हाताने मेल लिहिणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. पण रीताच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेलच्या प्रोग्रामला छोटी छोटी अ‍ॅड-ऑन जोडलेली होती. एक अ‍ॅड-ऑन प्रत्येक मेलमध्ये शाळेचं आणि पोराचं नाव आपोआप भरायचं, एक तयार मजकूर हाताशी ठेवायचं, एक कोणाचं उत्तर आलं नाही त्याची आठवण करून द्यायचं. ती कशी चालतात हे तिला कधी विचारावंच लागलं नव्हतं.

आता जुन्यावरचं सगळं पेनड्राइव्हवरून नव्यावर आणलं, आणि मेल उघडलं की पांढरी खिडकी यायची. यायची आणि तशीच राहायची. माऊसच्या जागी गोल चक्र फिरत बसायचं. तिने कॉम्प्युटर बंद करून पाहिला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकून पाहिला. पुन्हा पांढरं.

कारंज्याच्या अशफाकला तिने फोन केला. संस्थेची कॉम्प्युटरची कामं तोच करायचा.

"ताई, आत्ता नाई जमत," तो म्हणाला. "पोहरादेवीची यात्रा हाये. इंझोरीपासून गाड्याच गाड्या लागेल हायेत. रामनवमी होऊ द्या, मंग येतो."

"परीक्षा होऊन जाईन तवरलोक."

"मंग ज्यानं ते जुनं सेटिंग करून देल्लं होतं ना, त्याले विचारा. त्याले लवकर समजन."

अशफाकला ठाऊक नव्हतं की ते सेटिंग बादलने करून दिलं होतं, आणि बादल आता रीताचा कोणी नव्हता.

त्यांच्या फारकतीत सांगण्यासारखं फार काही नव्हतं. कोणी कोणावर हात उचलला नव्हता, कोणी कोणाला फसवलं नव्हतं. बादलला पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली. रीताला वसतिगृह सोडवेना. आधी तो दर शनिवारी यायचा, मग महिन्याने, मग सणाला. भांडणंसुद्धा फोनवर व्हायची आणि रेंज गेली की अर्धवट सुटायची. शेवटी तांड्यावर नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, बैठक झाली, मग कोर्टाचा कागद झाला, आणि दोघांनाही रडण्यापेक्षा झोपच जास्त आली होती. फोनमध्ये त्याचा नंबर अजून होता. काढून टाकायचा राहून गेला होता, एवढंच.

तिने कपाळ दाबलं आणि फोन लावला.

"रीता?" पलीकडून आवाज आला. "काय झालं? माय बरी हाये ना?"

"सगळे बरे हायेत. मेलचं काम होतं. ऑफिसचं." तिने काय काय झालं ते सांगितलं. तो मध्ये न बोलता ऐकत होता. पूर्वी तो असा ऐकायचा नाही.

घरी दोघं गोरमाटीच बोलत, तांड्यावरची बंजारा बोली. आज दोघंही वऱ्हाडीला धरून होते, बैठकीत परक्या माणसांसमोर बोलावं तसे. आणि रीता प्रत्येक वाक्य असं जुळवत होती की त्यात 'तुमी' येऊ नये आणि 'तू'ही येऊ नये. लग्नात ती त्याला 'तुमी' म्हणायची. आता काय म्हणायचं ते ठरलंच नव्हतं.

"आधी मेल बंद कर," बादल म्हणाला. "आता शिफ्ट दाबून धर, आन् धरलेलीच ठेवून मेल उघड. सोडू नको."

तिने दाबून धरलं. एक छोटी चौकट आली.

"सगळे अ‍ॅड-ऑन बंद ठेवून उघडू का, असं विचारून राह्यलं."

"हो म्हण."

मेल उघडलं. सगळ्या शाळांची नावं, सगळी जुनी पत्रं जागच्या जागी होती. रीताला वाटलं तिथंच डोकं टेकून झोपावं.

"म्हंजे मेलले काही झालं नाई," तो म्हणाला. "अ‍ॅड-ऑनपैकी एखादं अडून बसेल हाये. तिथी यादी दिसते ना? जे फिक्कट दिसून राह्यले, ते नव्या प्रोग्रामशी जुळत नाईत. ते काढ आन् त्याइचे नवे उतरव. मंग एकेक चालू करायचं, दर खेपेले मेल बंद करून उघडायचं. जिथी अटकलं, तो चोर."

काम किचकट नव्हतं, पण संपत नव्हतं. नाव भरणाऱ्या अ‍ॅड-ऑनचं नवं रूप मिळालं. मजकुराचं मिळालं. एक चालू केलं, बंद करून उघडलं, चाललं. दुसरं चालू केलं, उघडायला वेळ लागला, चाललं. बाहेर यात्रेच्या जीपा भोंगे वाजवत चालल्या होत्या. वसतिगृहात स्वयंपाक करणारी कमलीबाई चहा ठेवून गेली. रीताने तो घेतला नाही, आणि त्यावर साय धरली.

अशाच एका उघडण्याच्या खोळंब्यात बादल एकदम गोरमाटीत बोलला. त्याचं लग्न ठरलं होतं, येत्या जूनमध्ये. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्याला वाटलं होतं.

ठेच लागल्यावर कळ जरा मागून येते. रीता कळेची वाट पाहत बसली. ती आली नाही. पडद्यावर शाळांची नावं हळूहळू उमटत होती.

"कोण हाये?" तिने वऱ्हाडीतच विचारलं.

"वैभवी नाव हाये. आमच्या ऑफिसातली. आपल्यातली नाई."

"बरं."

"मायले अजून सांगतलं नाई. तुयं ऐकते ती. बाजाराले आली की येते ना तुयाकडं? तू सांगून पाह्यशील का? हळू हळू, तुया पद्धतीनं."

त्याची माय, गोमतीबाई, येत असे, हे खरं होतं. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन ती ऑफिसात येऊन बसे, अजूनही सुनेकडं आल्यासारखी. बादलच्या नोकरीचं तिला रीताने सांगितलं होतं. तो दिवाळीला येणार नाही, हेही रीताने सांगितलं होतं. फारकतीचंसुद्धा आधी रीतानेच सांगितलं होतं, आणि म्हातारीचं तोंड पाहत ती समोर बसून राहिली होती.

"नाई," ती म्हणाली. रागाने नाही. राग आणायला जोर लागतो. "ते मायं काम नाई. तुलेच सांगा लागन."

'तू' तोंडातून निघून गेला होता. दोघांनीही तो ऐकला.

"हो," बादल म्हणाला. "बरोबर हाये."

"आता कोणतं चालू करू?"

यादीत एकच राहिलं होतं. मेलमध्ये 'सोबत जोडले आहे' असं लिहून फाईल जोडायची राहिली, तर हे अ‍ॅड-ऑन मेल अडवायचं. रीता नेहमी विसरायची, म्हणून लग्नाच्या पहिल्या वर्षी बादलने ते स्वतः लिहून दिलं होतं. तिने ते चालू केलं, मेल बंद करून उघडलं, आणि पांढरी खिडकी आली.

"हेच," ती म्हणाली.

"मायंच निघालं." तो किंचित हसला, पण हसू पुढं गेलं नाही. "मी त्यात लिहून ठेवेल होतं का हे कोणत्याही प्रोग्रामवर चालते. म्हणून नव्या प्रोग्रामनं त्याले फिक्कट केलं नाई, घेतलं तसंच. पुन्हा शिफ्ट दाबून उघड, आन् काढून टाक. पाह्यजे तं नवीन लिहून देतो."

"नको. मी पाहून घेईन."

तिने ते काढलं. मेल झटकन उघडलं. तिने एक मेल आधी स्वतःलाच पाठवून पाहिला, नावं बरोबर बसली, मग सगळ्या शाळांचे सोडले. ते जाईपर्यंत बादल फोनवर होता. मग ती म्हणाली, "गेले," आणि तो म्हणाला, "ठेवतो."

बाबूलालभाऊ दारातून डोकावले. "झालं का वो? मशीन चांगली हाये ना?"

"चांगली हाये, भाऊ."

ती मुलींच्या खोलीत जाऊन रिकाम्या खाटेवर आडवी झाली. शेजारी मुली पाढे म्हणत होत्या. त्या गोंगाटातच तिला झोप लागली.

यात्रा ओसरेपर्यंत बहुतेक शाळांची उत्तरं आली. सोलापूरकडचे एक मुख्याध्यापक काही उत्तर देईनात. तिने फोन करकरून त्यांच्याकडून करण पवार नावाच्या पोराचे गुण काढून घेतले, आणि तो पेपरला बसला.

बाजाराच्या दिवशी गोमतीबाई आली. पिशवी दाराशी ठेवली आणि खुर्चीत बसली. पदराने तोंड पुसलं.

"त्यानं फोन केला होता," ती म्हणाली. "सांगतलं मले सगळं."

रीताने तिला पाणी दिलं. पंखा तिच्याकडं वळवला.

"तुले माहीत होतं?"

"हो."

म्हातारी पाणी प्यायली आणि ग्लास मांडीवर धरून बसली. भाजी सुकून जाईल म्हणून कमलीबाईने पिशवी उचलून आत सावलीत नेली, तरी म्हातारी उठली नाही. रीता आपल्या कामाला लागली.