टरफलांची राख

"परत फेसच आला, बाई!" गिरणीच्या तेलात भजी सोडून कढईवर वाकलेली मल्लव्वा पुटपुटली.

तेल गाळायची पावडर मिळेनाशी झाल्यापासून सासरे बसलिंगप्पा सात रस्त्याजवळच्या आपल्या तेलगिरणीत शेंगांच्या टरफलांची राख वापरत होते. आधी चिमूटभर विभूतीसारखी कपाळाला लावायची, मग तेलात घालायची. अशा राखेला नावं कोण ठेवणार? नवरा म्हणाला, शेंगा दमट. मुकादम म्हणाला, गाळायचं कापड जुनं. दुकानदारांनी मात्र तेल फेसाळतं म्हणून डबे परत पाठवले. आता उरलेल्या शेंगांचं तेल तेवढं गाळायचं होतं. तेही नासलं की गिरणीला कुलूप.

"भजी जमली की?" सासऱ्यांनी आशेनं विचारलं.

मल्लव्वानं कढई उतरवली. "मामा, शेंगा चांगल्या हायत, कापडबी चांगलं हाय. राखंतच खार हाय. आपण तेल न्हाय, साबण करतोय."