वाटाण्याची आंघोळ

आमच्या काळी शेतकी प्रयोगशाळेत आम्ही माती भट्टीत भाजायचो, पाव भाजावा तशी; तिच्यात जिवंत काही उरू नये म्हणून. थोरल्या साहेबांना शोधायचं होतं, वाटाण्याला पोसतं कोण? भाजलेल्या मातीतली रोपं पिवळी पडून मान टाकायची. शेतातल्या साध्या मातीतली मात्र अशी तरारायची, की एका वेलानं साहेबांची टोपी उचलून छपरावर नेली. खोटं वाटत असेल तर टोपीला विचारा.

साहेब महिनाभर बाहेरगावी निघाले. जाताना मला बजावलं, "तरारलेली रोपं उपट, मुळं बाटल्यांत जपून ठेव. आणि पुन्हा घोळ घातलास, तर थेट गोठ्यात. शेण काढायला."

गोठ्याचा मुकादम माझा मेहुणा. तो खोरं धुऊन वाटच बघत बसला.

मुळं उपटली आणि माझं धाबं दणाणलं. जिकडेतिकडे चामखिळीसारख्या गाठी! रोग पडला, तोही रोपं माझ्या ताब्यात असताना! मग जुना दातांचा ब्रश घेतला आणि बादलीत एकेक मूळ घासून लख्ख केलं. उरलं गढूळ पाणी. मोरी अंगणापलीकडे, आणि माझी कंबर नवाबाची. पिवळी रोपं पायाशीच होती. "मरताच आहात, तर पिऊन मरा," म्हटलं आणि ओतली बादली.

घरी बढाई मारली, तर बायको म्हणाली, "स्वतःची बशी कधी विसळत नाही, आणि वाटाण्याला आंघोळ घालता?"

साहेब परतले. बाटल्या बघितल्या. "गाठी कुठायत?"

"काढल्या, साहेब! औषधालासुद्धा एक ठेवली नाही."

"अरे गाढवा, त्या गाठींसाठीच तर सगळा खटाटोप!"

साहेबांचं बोट गोठ्याकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. भाजलेल्या मातीतली रोपं हिरवीगार!

"यांना काय घातलंस?"

"माझं खास खत," मी छाती फुगवली.

"छान. आत्ता माझ्यासमोर बनव."

छातीतली हवा गेली. दारात मेहुणा, हातात खोरं.

"गाठी धुतलेलं पाणी होतं, साहेब," मी पुटपुटलो. "मोरी लांब पडते."

साहेबांनी त्यातलं एक हिरवं रोप उपटलं; मुळांवर गाठीच गाठी. "म्हणजे पोसणारं जे काही आहे, ते गाठीतच! पाण्यातून या मुळांनाही लागलं!"

मेहुण्यानं विचारलं, "मग दाजींना कधी पाठवताय?"

"याला? छे! इतका आळशी माणूस मला पुन्हा कुठं मिळायचा?"

तेव्हापासून ब्रश आणि बादली कायमची माझ्याकडे आली. मेहुण्यानं ही बातमी त्याच्या ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कानावर घातली, आणि घरच्या बशाही माझ्याकडेच आल्या.