मागच्या रांगा

खियेमने निळ्या जाळीची दोरी आणखी एकदा ओढून गाठ मारली. आता बागेच्या मागच्या रांगा दिसत नव्हत्या. अलीकडे सिमेंटच्या उंच खांबांवर मिरीचे वेल दाटले होते आणि श्रीलंकेहून आलेले शेतकरी माना वर करून फोटो काढत होते. फोटोसाठी मागे सरकताना एका बाईचा पाय जाळीखालून येणाऱ्या चरात गेला. सगळे हसले. खियेमही हसला.

“काका, या कुसुमावतीताई,” दुभाषी व्ही म्हणाली. “विचारतायत, खांब किती अंतरावर रोवायचे?”

कुसुमावतीच्या बागेत वेल गिरिपुष्पाच्या झाडांवर चढत. खियेमने काठीने लाल मातीत आकृती काढली. शिकवायला त्याला मनापासून आवडे. खांब जवळजवळ रोवा, खत भरपूर घाला. जिवंत झाड वेलाच्या तोंडचं खातं.

“म्हणजे झाडं तोडायची?”

“मी तोडली.”

“आणि वेलांना मुळं कुजवणारी मर लागत नाही?”

खियेमने काठीच्या टोकाची माती बोटाने काढली. “पाणी तुंबू दिलं नाही, तर नाही.”

व्हीने ते सांगितलं तशी कुसुमावती हसून काहीतरी बोलली.

“म्हणतायत, घरी पोचल्या की पोराला करवत काढायला सांगणार. तो कधीचा मागे लागलाय. झाडं सासऱ्यांनी लावलेली, म्हणून याच अडून बसल्या होत्या.”

दुपारी सगळे दाराशी बूट काढून आत चटईवर बसले. उकडलेली कोंबडी, भात, पालेभाजीचं पाणी, आणि वाटीत लिंबू पिळलेलं मीठ-मिरी. भिंतीवर ‘आदर्श मिरी बाग’ असा फलक होता.

“फलक पुसून ठेवलाय हो,” वाढता वाढता खियेमची बायको लुआ त्याला म्हणाली. “मागच्या रांगांत काही उरलं नाही, भिंतीवर तरी चकाकू दे.”

व्हीने मान वर केली. लुआने तिच्या ताटात कोंबडीची तंगडी घातली. “तू जेव गं. हे नको सांगूस.”

खियेम चहा ओतायला उठला आणि त्याची नजर दाराबाहेर गेली. बुटांच्या रांगेत सगळ्यांवर कोरडी लाल धूळ होती. कुसुमावतीच्या कापडी बुटांवर मात्र नाडीपर्यंत ओला चिखल होता. मघाशी पाय गेला त्या चरातला. मर त्याच चिखलातून पुढे सरकत होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? किटली तशीच ठेवून तो बाहेर गेला.

त्याने घमेल्यात बुरशी मारणाऱ्या मोरचुदाचं पाणी कालवलं, तिचे बूट बुडवले आणि ब्रशने घासायला लागला. मग एकटीचेच धुतलेले दिसतील म्हणून बाकीचेही ओढले.

“अहो!” लुआ दारात आली. “पाहुण्यांचे बूट कसले धुताय? लोक काय म्हणतील?”

तो नाडीच्या भोकांमधला चिखल काडीने काढत राहिला. लुआने घमेल्यातल्या निळ्या पाण्याकडे पाहिलं आणि दाराजवळचा दुसरा ब्रश उचलून पायरीवर ठेवला.

हात धुवायला आलेली कुसुमावती तिच्या मागेच थांबली होती. तो निळा रंग तिच्या ओळखीचा होता. तिने बूट पाहिले, चर पाहिला, चराच्या वरच्या अंगाला ताणलेली जाळी पाहिली. मग पायरीवर अनवाणीच बसली, रांगेतला एक बूट उचलला आणि दुसऱ्या ब्रशने घासायला लागली. खियेमने तो तिच्या हातून काढून घेतला. तिने परत घेतला.

“झाडं तोडू नका,” तो म्हणाला.

तिला अर्थातच कळलं नाही. तिने आत हाक मारली. व्ही भात गिळत धावत आली.

“काय काका? काय सांगू त्यांना?”

खियेमने विजारीला हात पुसले. फलकाच्या भिंतीपलीकडे पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

“त्यांना म्हणावं, मघाशी मी अर्धीच बाग दाखवली.”

व्ही बोलत असतानाच लुआ घराच्या मागे गेली. तिथे खिळ्याला टांगलेले दोन गमबुटांचे जोड होते, मागच्या रांगांत जातानाच घालायचे. चुन्याने पांढरे पडलेले आपले गमबूट तिने आणले आणि कुसुमावतीच्या पायांशी ठेवले.