तीन मोकळ्या घोड्या आणि एक माननीय

नलिनीमावशीने उमेदीची सगळी वर्षे सर्कशीच्या रिंगणात, मोकळ्या घोड्यांच्या मधोमध उभे राहून काढली. त्यामुळे माणसांविषयी तिला फारसा आदर उरला नव्हता. तिच्या खेळाला सर्कसवाले ‘लिबर्टी’ म्हणतात. लगाम नाही, दोर नाही, पाठीवर स्वार नाही. घोडे वर्तुळात धावतात, मध्ये एक माणूस, आणि दोघांच्या दरम्यान नुसती हवा. त्या हवेतून जे ये-जा करते त्याला प्रेम म्हणावे, असे मला आरंभी वाटले होते.

“प्रेम नाय गो, पोट,” मावशी म्हणाली. “घोड्याक शब्द कळनत नाय, पोट कळता. तुझी बेंबी खय बघता, ता तो आधी बघता.”

तिचे अवघे शास्त्र बेंबीभोवती फिरत असे. बेंबी घोडीच्या मागच्या पुठ्ठ्याकडे रोखली की ती पुढे धावते. खांद्याकडे रोखली की थबकते आणि उलट फिरते. आणि आपण खांदे सैल सोडून खाली वाकलो की ती वर्तुळ मोडून आपल्याजवळ येते. चाबूक म्हणजे केवळ लांबवलेले बोट. त्याने मारायचे नसते.

मावशीचे गुडघे बदलल्यापासून रिंगणात मी उभी राहू लागले. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीमागे, पत्र्यांच्या शेडा आणि आकाश यांच्यात उरलेल्या एका तुकड्यावर आमचा सराव चाले. घोड्या मात्र आमच्या नव्हत्या. अबोली, बकुळ आणि सुरंगी राजेशच्या मालकीच्या, आणि राजेशचा धंदा कांदिवली ते बोरिवली नवरदेव मिरवण्याचा. पावसाळ्यात लग्ने नसतात म्हणून त्याने त्या मावशीकडे आणून ठेवल्या होत्या.

“रविवारी इथल्या मंडळाच्या महोत्सवात पब्लिक खूश झाली, तर घोड्या तुझ्याकडेच, गंधाली. शो करत बसू,” तो म्हणाला. “वाट लागली, तर तुळशीचं लग्न झालं की परत वरातीत.”

वरात मी पाहिली होती. डोळ्यांवर झुलती जरीची झालर, कानाशी बँजो, आणि पाठीवर घामेजलेला, जन्मात प्रथमच उंच जागी बसलेला एखादा संगणक अभियंता. त्या गोंगाटात अबोली अशी उभी राही, जणू ती स्वतःच्या कातडीतून कधीच निघून गेली आहे. इथे, मोकळ्या वर्तुळात, ती परत येत होती. तिला पुन्हा तिकडे पाठवायचे नव्हते. रविवारकडून मला एवढेच हवे होते.

रविवारी मैदान भरले. मंडळाचे चिटणीस शरच्चंद्र दळवी यांनी फलकावर ‘अश्वसंस्कृती दर्शन’ असे लिहिले होते, कारण सर्कस म्हटले की परवानग्या आणि संस्कृती म्हटले की टाळ्या. खेळ छान सुरू झाला. तीन पांढऱ्या घोड्या एका लयीत वळत होत्या. माझा श्वास आणि त्यांची टाप यांत भेद उरला नव्हता. आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले.

माननीयांना वेळेवर येण्याची सवय नव्हती आणि थांबण्याची तर मुळीच नव्हती. शाल, श्रीफळ आणि दळवी यांच्यासह ते थेट रिंगणात शिरले. त्यांचे पोट त्यांच्या थोडे आधी पोहोचले.

“चालू दे, चालू दे,” ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली.

वडीलधाऱ्याने शाल घातली की मराठी मुलीची कंबर मेंदूला विचारत नाही. मी वाकले. त्यांच्या पायांना हात लावला.

तिन्ही घोड्यांनी वर्तुळ मोडले आणि त्या आमच्यावर चालून आल्या. दळवी कुंपणाकडे अशा वेगाने गेले, की त्यांची संस्कृती मागेच राहिली. बकुळने श्रीफळ हुंगले. सुरंगीने माननीयांच्या गळ्यातला हार खायला घेतला.

“अगं, हाकल ना!” ते किंचाळले.

हाकलायचे तर माननीयांकडे पाठ करणे भाग होते. भर सत्कारात. मी पाठ केली, छाती उंचावली, चाबूक आडवा धरला. घोड्या मागे सरकल्या आणि पुन्हा वर्तुळात लागल्या. पण आता वर्तुळाच्या आत माननीय होते, आणि बाहेर पडायला वाट शोधत गरगर फिरत होते. ते वळत तशी बेंबी वळे. कधी पुठ्ठा, कधी खांदा. घोड्या सुसाट सुटत, थबकत, उलट फिरत. माझ्याकडे त्या पाहीनातच. माझ्या पोटाची त्या पोटापुढे काय प्राज्ञा!

“साहेब, पोट फिरवू नका!” मी ओरडले.

लोक हसू लागले. कुंपणापाशी राजेशने कपाळावर हात मारला.

“गो गंधाली!” खुर्चीतून मावशी गरजली. “तेकाच धर! तेकाच फिरव!”

मी चाबूक टाकला. माननीयांच्या मागे गेले, त्यांचे दोन्ही दंड धरले आणि त्यांना जात्यासारखे सावकाश फिरवू लागले.

“हे काय करतेस?”

“तुम्हाला वाचवतेय. श्वास हळू घ्या. डावीकडे.”

त्यांचा श्वास उतरला तशी टापांची घाई उतरली. पुठ्ठ्यांमागून ते भव्य पोट शांतपणे फिरत राहिले, आणि तिन्ही घोड्या पुन्हा एका लयीत आल्या. मग मी ते त्यांच्या खांद्यांकडे रोखले. घोड्या एकदम उलट फिरल्या. मैदानातून ‘झकास!’ उठले. माननीयांच्या चेहऱ्यावर भीती होती तिथे हळूहळू सत्ता उमलली.

“माझं ऐकतायत या!”

“ऐकतायत. आता वाका.”

“मी? कोणापुढे?”

“जनतेपुढे.”

“आत्ता? निवडणूक नसताना?”

“खांदे सैल सोडा आणि वाका.”

ते वाकले. घोड्या वर्तुळ सोडून संथ पावलांनी आल्या आणि त्यांच्यासमोर एका ओळीत उभ्या राहिल्या. टाळ्या इतका वेळ चालल्या, की त्यांना तीनदा वाकावे लागले. मावशीच्या मते त्यांची कारकीर्द त्या दिवशी सार्थकी लागली.

खेळ संपल्यावर त्यांनी राजेशला गाठले. “तुळशीच्या लग्नानंतर लगेच आमच्या पोराचं लग्न आहे. तिन्ही घोड्या पाहिजेत. मोकळ्या. मी मध्ये.”

राजेशचे डोळे चमकले. आम्ही जिंकलो होतो आणि जिंकूनच वरातीत निघालो होतो.

“नाही,” मी म्हणाले.

“नाही? मला?”

“मोकळी घोडी मिरवणुकीत चालत नाही. तिला रिंगण लागतं. बँजो नको, फटाके नकोत, आणि पाठीवर कोणी बसणार नाही.”

“पोरगासुद्धा नाही?”

“कोणीच नाही. हे कबूल असेल तर येऊ. आणि राजेशदादा, या घोड्या वरातीला जुंपल्या, तर महिन्याभरात सगळं विसरतील. त्या इथेच राहतील.”

माननीय विचारात पडले. सुरंगी त्यांच्या हारातला शेवटचा झेंडू चावत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा पांगणाऱ्या गर्दीकडे.

“पण मी मध्ये उभा राहणार ना?”

“राहणार.”

“मग घोड्या इथेच ठेव रे राजेश,” ते म्हणाले. “पोरगा रिक्षाने येईल.”