दोनशे बारा जणांची परीक्षा

रंगाच्या परदेशी कंपनीतल्या त्या कारकुनाला सगळे मास्तर म्हणत. जन्मात कधी त्यांनी खडू हातात धरला नव्हता. पण कारखान्यातल्या दोनशे अकरा जणांना ते दरवर्षी पास करत, आणि दोनशे बारावे स्वतः होत.

परीक्षा नीतिमत्तेची. मुख्य कार्यालयातून संगणकावर यायची, चाळीस प्रश्नांची. सगळे बसले तर यंत्रं बंद ठेवावी लागतील, म्हणून साहेबांनी सगळ्यांचे पासवर्ड मास्तरांच्या हवाली केले होते. लाच घ्यावी का? नाही. दुसऱ्याच्या नावाने सही करावी का? नाही. हे मास्तर दोनशे अकरा वेळा दुसऱ्यांच्या नावाने सांगत. अकरा वर्षं कारखाना शंभर टक्के प्रामाणिक निघत होता. बक्षिसाच्या ढालींसाठी साहेबांनी वेगळं कपाट करून घेतलं होतं.

घरी मास्तर एकटेच. ताप आला तर थर्मामीटरखेरीज कुणाला पत्ता लागत नसे. गणगोत म्हणाल तर कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल: पंपवाला, गोदामवाला आणि रंग तपासणारा. दुपारी अर्धा तास थट्टामस्करी चाले. उरलेले साडेतेवीस तास मास्तर तिच्यावर काढत.

यंदा वहिनींचा फोन आला. भाऊ गेल्यापासून त्या कारखान्यामागच्या ओढ्यापलीकडे राहत.

"भाऊजी, विहिरीच्या पाण्याला तुमच्या कारखान्याचा वास मारतोय. काल भांडी घासली तर हात निळे झाले."

"साबण बदलून बघा, वहिनी."

"साबण बदलला. आता विहीर बदलू का?"

कारण मास्तरांना ठाऊक होतं. टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध न करताच मागच्या नळाने ओढ्यात सोडत. टेबलावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. विषय निघाला की कुणीतरी मीठ मागे.

परीक्षेचा चाळिसावा प्रश्न होता: वर्षभरात काही गैर पाहिलंत का? सगळ्यांचं "नाही" करत करत मास्तर स्वतःच्या नावापाशी आले आणि हात अडला. सगळ्यांच्याच नावे "होय" करता आलं असतं. पण दुसऱ्याच्या वतीने उत्तर कसं द्यावं, असं त्यांना अकरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं. त्यांनी फक्त स्वतःचं "होय" केलं आणि खाली नळाची हकिकत लिहिली.

मुख्य कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. "आमच्या नियमात एकाचं म्हणणं म्हणजे मत, दोघांचं म्हणजे तपासणी. बाकीच्या दोनशे अकरांना कसं काही दिसलं नाही?"

"बाई, बाकीचेही मीच होतो."

बाईंनी फोन ठेवला.

परीक्षा रद्द झाली. मास्तरांना नोटीस मिळाली. पाण्याबद्दल नव्हे, कॉपीबद्दल. आता प्रत्येकाने स्वतः बसायचं होतं. टेबलाभोवती खुर्च्या चार उरल्या, माणूस एक. गोदामवाला ताट घेऊन लांबूनच गेला. "अकरा वर्षं पास केलंत, मास्तर, आणि निवृत्तीच्या तोंडावर नापास करता होय?"

यंत्रं दोन दिवस बंद राहिली. संगणक दाखवायला मास्तरच होते. पंपवाला चाळिसाव्या प्रश्नाशी थांबला.

"इथं काय करायचं?"

"तू काय पाहिलंस?"

"मी नळ उघडतो, मास्तर. घरी तीन पोरी आहेत. मी बघत बसू?"

"मग तुझं तू ठरव," म्हणून मास्तरांनी पाठ फिरवली.

निकाल आला, नावांविना. "होय" दोन. एक कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. दुसरं कुणाचं, ते त्या एकट्यालाच.

तपासनिसांनी नळाच्या आणि वहिनींच्या विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, नळाला सील ठोकलं. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये जो तो एकेकटा जेवू लागला. न जाणो, शेजारचाच तो दुसरा निघायचा. मास्तर खिडकीजवळ बसून घास चावत एकेक पाठ न्याहाळत राहिले. विचारायची सोय नव्हती. कुणी वळूनही बघत नव्हतं.