डफ सांगेल तेवढंच पाणी

"सांगून पटायचं नाही तुला, पण या घरात कुंड्यांना पाणी किती घालायचं ते हा डफ ठरवतो!" म्हाताऱ्याने भिंतीवरचा डफ काढून मुलीच्या नाकासमोर धरला.

परगावाहून परतलेली मुलगी नेच्याची पानं उलटीसुलटी करून बघत होती. परगावी जाताना तिने आपल्या साऱ्या कुंड्या बापाच्या गळ्यात मारल्या होत्या आणि बजावलं होतं, "यातली एक जरी सुकली किंवा कुजली, तर एकटं राहणं जमत नाही हे कबूल करायचं, बाबा, आणि मुकाट्यानं माझ्याकडे राहायला यायचं." तिच्या घरी बाबांच्या खोलीला रंगसुद्धा देऊन झाला होता.

कुंड्या मात्र अशा तरारल्या होत्या, की नाव ठेवायला जागा नाही.

"हवा दमट झाली की कातडं सैल पडतं," म्हातारा रंगात आला. "धुकं पडलं तेव्हा हा पडसं झालेल्या मास्तरासारखा घोगरा बोलायला लागला. म्हटलं, बास, आता थेंबभर पाणी नाही. मग थंडी वाढली, हीटर लावला. हवा अशी कोरडी ठणठणीत झाली आणि डफ असा कडाडला, की खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठून टाळ्या पिटायला लागलं! तेव्हा दोन्ही वेळा पाणी घातलं. नेच्यानं वाकून नमस्कार केला मला. तुझ्या गळ्याशपथ!"

"आणि हे सगळं एकट्यानं केलंत?"

"एकट्यानं! जन्म गेला डफ मढवण्यात. मला कोण लागतंय?"

म्हाताऱ्याने डफ उगाचच सदऱ्याच्या बाहीने पुसला.

तेवढ्यात दार ढकलून वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई आत आली. गळ्यात मापाची टेप, हातात झारी. जिन्यातच तिने सगळं ऐकलं असावं. सवयीने नेच्याच्या मातीत बोट खुपसून तिने मान हलवली.

"आज नको. हवेत ओल आहे." मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "आणि पोरीला काय थापा मारताय हो? कसलं कातडं? मागंच प्लास्टिक चढवलंत ना त्या डफावर? भर पावसात धरा, नाहीतर शेगडीवर, आवाज तोच!"

म्हातारा छताकडे बघू लागला.

मुलीने उचललेली कुंडी पुन्हा खिडकीत ठेवली.

"राहू देत कुंड्या इथंच," ती हसू दाबत म्हणाली. "डफाचं सोडा, मावशी. 'एकट्यानं' म्हणाले ना, मोठं खोटं ते होतं!"