पेल्यातली कळी

घड्याळजींनी आयुष्यभर लोकांची वेळ दुरुस्त करून दिली, पण घरच्या वेलीची वेळ काही त्यांना कळली नाही. वेल बायकोची होती, लाल भोपळ्याची. तिच्या आईकडून आलेलं बी ती दरवर्षी लावायची आणि त्यातलंच पुढच्या वर्षासाठी राखायची. यंदा आजारानं ती खाटेला खिळली. डबीत तीनच बिया उरल्या होत्या, त्यातली एक रुजली. या वेलीला फळ धरलं नाही तर आईचं बी संपलं. "पोटी मूल नाही, मागे राहील ते एवढंच," असं ती एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती.

आणि या भल्या माणसानं काय करावं? लांब देठाची फुलं नुसतीच गळून जातात, मग ठेवायची कशाला, म्हणून रोज संध्याकाळी एक कळी खुडून तिच्या उशाशी पेल्यात ठेवायची. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. ती मात्र सकाळी अर्धवट झोपेत त्या उमललेल्या फुलाकडे बघून हसायची, आणि यांना वाटायचं, आपण बाजी मारली.

आज खिडकीखालच्या कुंडीत वेलीला पहिलं मादीफूल उमललं. बुडाशी गोटीएवढा हिरवा भोपळा. ते कौतुकानं सांगायला आले, तर ती डोळे मिटूनच म्हणाली, "आणि नरफूल?"

"ते कुठलं?"

"लांब देठाचं. अहो, त्यातली पिवळी भुकटी मादीफुलात गेल्याशिवाय गोटी वाढत नाही. दुपारी फूल मिटेल, मग गोटी गळेल."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. वेलीवर लांब देठाचं एकही फूल नव्हतं.

"समोरच्यांच्या वेलीचं आणू?"

"फळ धरेल. बी आईचं राहणार नाही."

ते मटकन खाटेवर बसले. "सगळी मीच खुडली गं."

खोलीत कोवळं ऊन भरलं होतं. ती झोपली असावी असं त्यांना वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "कालची कळी कुठंय?"

पेल्यात कालची कळी पूर्ण उमलली होती, पिवळीधमक.

त्यांनी खाट खिडकीशी ओढली आणि आपला घड्याळ दुरुस्तीचा बारीक चिमटा काढला.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"तुझा हात कापतोय."

"कापू द्या. मधमाशी तरी कुठे स्थिर असते?"

तिनं पेल्यातल्या फुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि उरलेला भुकटीचा दांडा मादीफुलात घातला. कापरा हात आत सगळीकडे फिरला, भुकटी कुठे लागायची राहिली नाही. मग त्यांनी फूल दोऱ्यानं बांधलं, परकी भुकटी आत जायला नको म्हणून.

सहाव्या दिवशी गोटी लिंबाएवढी झाली. ते सांगायला आले तेव्हा ती झोपली होती. तिचा हात उशीवर कापत होता. रोज ते तो धरून थांबवायचे. आज नुसते बघत बसले.